कॅनडा कॉर्नरच्या दोन खोल्या आणि आमचे अडलेले पीएचपी

नाशिकमध्ये संगणकाची दुरुस्ती करून देणाऱ्या दुकानांना तोटा नाही. लॅपटॉपचा स्क्रीन बदलणारे, प्रिंटरची शाई भरणारे, टॅली बसवून देणारे मेहेर सिग्नलपासून कॉलेज रोडपर्यंत हवे तितके मिळतात. सर्व्हरचे सॉफ्टवेअर सोर्समधून (माणसाने लिहिलेल्या मूळ कोडमधून) कंपाइल करताना, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात बांधताना, अडलेले काम पैसे घेऊन मार्गी लावणारे ठिकाण मात्र मला बरेच शोधूनही एकच सापडले. शरणपूर रोडवर, कॅनडा कॉर्नरच्या अलीकडे, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या आहेत. जिन्यात पाटी नाही, त्यामुळे खालच्या झेरॉक्सवाल्याला विचारावे लागते. मालक साठीच्या घरातले आहेत. येणारेजाणारे सगळे त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. त्यांच्या हाताखाली एक मुलगी आणि एक मुलगा काम करतात. गेल्या पावसाळ्यात मी त्यांच्याकडून एक काम करून घेतले, त्याविषयी हे सविस्तर मत.

मी दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्ष पॅकहाऊसचे संगणक सांभाळते. हंगामात बागेतून आलेला प्रत्येक क्रेट तीन काट्यांपैकी एकावर तोलला जातो आणि त्याची नोंद ठेवणारी प्रणाली पीएचपी ७.४ वर (पीएचपी ही सर्व्हरवरचे प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा) चालते. तिन्ही काटे एकाच वेळी वाचता यावेत म्हणून ती लिहिणाऱ्याने ‘पॅरलल’ नावाचे एक्स्टेन्शन (पीएचपीला जोडायचा भाग) वापरले आहे, आणि त्या एक्स्टेन्शनला थ्रेड-सेफ पद्धतीने, म्हणजे एकाच प्रोग्रॅममधील अनेक कामे (थ्रेड) एकमेकांत न गुंतता एकाच वेळी चालतील असे, बांधलेलेच पीएचपी लागते. उबुंटू या लिनक्स प्रणालीची नेहमीची तयार पॅकेजेस तशी बांधलेली नसतात. आमचा जुना सर्व्हर सेंटओएस ७ या दुसऱ्या लिनक्सवर होता आणि त्या आवृत्तीचा आधार, म्हणजे दुरुस्त्या मिळणे, ३० जून २०२४ रोजी संपला. नव्या सर्व्हरवर उबुंटू २२.०४ टाकले, प्रणाली लिहून देणाऱ्या गृहस्थांना फोन लावला, आणि तो फोन आजतागायत उचलला गेलेला नाही. द्राक्षांचा हंगाम जानेवारीत सुरू होतो, त्यामुळे हाताशी पावसाळ्याचे महिने होते इतकेच.

त्यांच्याकडे जाण्यापूर्वी मी स्वतः दोन रात्री प्रयत्न केला होता. तो इथे सांगणे भाग आहे, कारण या मंडळींच्या कामाची किंमत मला त्यामुळेच कळली. मी सोर्सची फाइल उतरवली, कॉन्फिगर (लागणारे सगळे सर्व्हरवर आहे का ते तपासणारी स्क्रिप्ट) चालवले, मेक (ठरलेल्या क्रमाने कंपाइल करून घेणारा प्रोग्रॅम) चालवले, आणि प्रत्येक वेळी पडद्यावरची शेवटची ओळ वाचून तिच्यावर उपाय शोधत बसले. शेवटची ओळ नेहमी एकच असे: ‘मेक’ने मेकफाइलच्या (कामांचा क्रम लिहिलेल्या फाइलीच्या) अमुक ओळीवर एरर १ देऊन काम थांबवले. असा मजकूर शोधला की जगातल्या प्रत्येक अडलेल्या बिल्डची चर्चा समोर येते आणि तिच्यातले काहीही आपल्या कामाचे नसते. पहिल्या रात्री तर कॉन्फिगरनेच ‘सी कंपाइलर एक्झिक्युटेबल तयार करू शकत नाही’ असे सांगून हात वर केले. जीसीसी (तो कंपाइलर) तीनदा काढून तीनदा पुन्हा बसवले, तरी फरक पडला नाही. आमचा सर्व्हर एक जीबी मेमरीचा होता. त्यावर चार कामे समांतर चालवणारे मेक लावल्यावर पीएचपीच्या ‘फाइलइन्फो’ या भागातील एक मोठी फाइल कंपाइल होताना कंपाइलरच मारला जाई, आणि मला वाटे की सोर्समध्ये दोष आहे.

काकांनी पहिल्या भेटीत तपासणीचे ५०० रुपये घेतले आणि पहिला प्रश्न विचारला तो कंपाइलविषयी नव्हताच. “मॅडम, हे सोर्समधून बांधायची तुम्हाला खरंच गरज आहे का?” असे त्यांनी विचारले. नव्या उबुंटूवर जुन्या पीएचपीची तयार पॅकेजेस देणारे भांडार आहे, उबुंटू २०.०४ मध्ये तर ७.४ मूळचेच होते, तेव्हा साधे पीएचपी हवे असेल तर आमच्याकडे पैसे घालवू नका, असे त्यांनी सरळ सांगितले. थ्रेड-सेफची अट ऐकल्यावर मात्र त्यांनी वही उघडली. आलेले गिऱ्हाईक परत पाठवायची तयारी असलेला दुकानदार विरळाच, आणि माझा विश्वास तिथेच बसला, हे कबूल करते.

त्यानंतर त्यांनी मला माझ्याच फोल्डरमधील ‘कॉन्फिग डॉट लॉग’ उघडायला लावली. ही फाइल दोन रात्री माझ्या समोर होती आणि मी तिच्याकडे पाहिलेही नव्हते. कॉन्फिगर ही स्क्रिप्ट एकेक छोटा नमुना प्रोग्रॅम लिहिते, तो कंपाइल करून पाहते आणि तो जमला की नाही यावरून अमुक लायब्ररी (इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड) आहे किंवा नाही असे ठरवते. पडद्यावर ती केवळ निकाल सांगते, त्या नमुन्यावर कंपाइलर नेमके काय बोलला ते मात्र या लॉगमध्ये लिहिलेले असते. माझ्या लॉगमध्ये जीसीसी स्वच्छ सांगत होता की ‘ओ-टू’ या नावाची फाइल सापडत नाही. मी कुठल्याशा पानावरून कंपाइलरचे पर्याय चिकटवले होते आणि त्यात आखूड जोडरेघेऐवजी लांब रेघ आली होती. त्यामुळे कंपाइलर त्या पर्यायाला फाइलचे नाव समजत होता, तो नमुना कंपाइल होत नव्हता आणि कॉन्फिगर सगळे खापर कंपाइलरवर फोडत होते. एका रेघेपायी अख्खी रात्र गेली होती.

आमच्या पॅकहाऊसमध्ये माल नाकारताना पावतीवर कारण लिहावे लागते: मण्याचा आकार, गोडी, डाग, जे असेल ते. फाटकावर नाकारलेल्या क्रेटचे नुकसान थोडे असते, पॅकिंग होऊन पेटी कंटेनरपर्यंत गेल्यावर नाकारली तर ते भारी पडते. कंपाइलच्या एररही मला आता तशाच दिसू लागल्या आहेत. कॉन्फिगरने अडवले तर ते फाटकावरचे अडवणे, मेकने मध्येच अडवले तर पॅकिंग टेबलावरचे, आणि सगळे बांधून झाल्यावर सर्व्हर सुरू होताना अडले तर कंटेनरमधले. काकांचे कौशल्य मुख्यतः यात आहे की कोणती अडचण खरी कोणत्या टप्प्यावरची आहे ते ते ओळखतात, कारण दिसते एका टप्प्यावर आणि मूळ असते दुसऱ्याच टप्प्यावर, असे पुष्कळदा होते.

फाटकावरच्या अडचणी त्यांच्याकडील मुलीने एका दुपारी संपवल्या. त्यांचे स्वरूप ठरलेले असते. ‘लिबएक्सएमएल’ सापडत नाही असे कॉन्फिगर म्हणते आणि आपण गोंधळतो, कारण ती लायब्ररी तर सर्व्हरवर असते. असते ती चालवण्यापुरती. कंपाइल करायला तिच्या हेडर फाइली (लायब्ररीत काय काय आहे त्याची यादी) लागतात आणि त्या वेगळ्या पॅकेजमध्ये येतात. उबुंटूत त्या पॅकेजच्या नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असते, रेडहॅटच्या घराण्यात (सेंटओएस त्यातलेच) ‘डेव्हेल’. पीएचपी ७.४ बाबत आणखी एक गोष्ट मला इथे कळली. पूर्वीच्या आवृत्त्यांसोबत ओनिगुरुमा आणि एसक्यूलाइट या दोन लायब्ररींचे सोर्स येत असे, ते ७.४ पासून बंद झाले, त्यामुळे ७.३ साठी लिहिलेल्या सूचना जशाच्या तशा पाळल्या तर ७.४ ची बांधणी या दोन ठिकाणी हमखास अडते. त्या मुलीने प्रत्येक गहाळ हेडर कोणत्या पॅकेजमध्ये आहे ते ‘एपीटी-फाइल’ या साधनाने शोधले आणि नाव वहीत उतरवूनच ते पॅकेज बसवले. “ताई, आधी लिहायचं, मग बसवायचं; नाहीतर सहा महिन्यांनी नेमकं कशामुळे चाललं तेच आठवत नाही,” असे ती म्हणाली.

खरी कसोटी मेकच्या टप्प्यावर लागली. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या (माहिती झाकून ठेवण्याच्या) लायब्ररीशी जोडणाऱ्या भागात ‘आरएसए एसएसएल-व्ही २३ पॅडिंग’ हे नाव कुठे घोषितच नाही, अशी तक्रार करून कंपाइलर थांबला. कारण असे की उबुंटू २२.०४ सोबत ओपनएसएसएल ३.० येते, ती आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यातून ते नाव काढून टाकलेले आहे. पीएचपीने तिला पाठिंबा दिला तो ८.१ पासून. इथे दोन वाटा होत्या. एक म्हणजे पीएचपीच्या सोर्समधून ती ओळच काढायची. त्यांच्याकडील मुलाने तसे करून पाहिले, आणि जुन्या फंक्शनांबद्दलचे इशारे सोडले तर कंपाइल निर्विघ्न पार पडले. मी असते तर तिथेच पेढे वाटले असते.

काकांनी मात्र आमच्या प्रणालीचा कोड मागवला आणि त्यात एन्क्रिप्शन कुठे कुठे वापरले आहे ते शोधले. बागायतदारांचे बँक खाते क्रमांक ब्लोफिश पद्धतीने झाकून ठेवलेले निघाले. ओपनएसएसएल ३.० मध्ये ब्लोफिश ‘लेगसी’ या बाजूला ठेवलेल्या गटात गेले आहे आणि मुद्दाम सुरू केल्याशिवाय ते उपलब्ध होत नाही. म्हणजे ती ओळ काढून बांधलेले पीएचपी कंपाइल झाले असते, सुरूही झाले असते, आणि जानेवारीत पहिल्या बागायतदाराचे पैसे वर्ग करायच्या दिवशी खाते क्रमांक उलगडला नसता. कंपाइल होणे आणि चालणे यांत केवढे अंतर असते, ते मला या एका प्रसंगाने कळले. या सेवेचे मी जे पैसे मोजले त्यांतले निम्मे तरी या एका तपासणीचे आहेत, असे मी धरते.

शेवटी दुसरी वाट घेतली. ओपनएसएसएल १.१.१ मालिकेची शेवटची आवृत्ती सोर्समधून वेगळ्या फोल्डरमध्ये बांधली, लायब्ररी कुठे आहे ते कॉन्फिगरला सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगचा मार्ग त्या फोल्डरकडे वळवला आणि पीएचपीला तीच लायब्ररी दाखवली. हे करताना दोन खबरदाऱ्या घेतल्या आणि दोन्ही मला सुचल्या नसत्या. जुनी लायब्ररी संपूर्ण यंत्रणेला दिसेल अशा जागी ठेवली नाही. तिचा मार्ग फक्त पीएचपीच्या बायनरीत (कंपाइल होऊन तयार झालेल्या फाइलीत) नोंदवला, म्हणजे बाकीचे प्रोग्रॅम उबुंटूच्या ओपनएसएसएलवरच राहिले. आणि इंटरनेटवरून माहिती आणणाऱ्या कर्लची लायब्ररी ओपनएसएसएलवर बांधलेली न घेता जीएनयूटीएलएस या वेगळ्या एन्क्रिप्शन लायब्ररीवर बांधलेली घेतली, जेणेकरून एकाच प्रक्रियेत ओपनएसएसएलच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी नांदणार नाहीत. माझ्या प्रयत्नात मी जुने ओपनएसएसएल थेट ‘यूएसआर लोकल’ या सगळ्या यंत्रणेला दिसणाऱ्या फोल्डरमध्ये टाकले होते आणि त्याच्या फाइली तिथे अजूनही विखुरलेल्या होत्या. काकांनी तो सर्व्हर साफ करण्याच्या भानगडीत न पडता नवा घ्यायला सांगितला. कोणत्याही पॅकेजच्या यादीत नसलेल्या फाइली शोधून काढण्यात दिवस जातात आणि शेवटी खात्रीही वाटत नाही, हे त्यांचे म्हणणे मला पटले.

माझी आणखी एक चूक त्यांनी दाखवली, ती इतरांनाही उपयोगी पडेल. मी आधी थ्रेड-सेफ पर्याय न देता कॉन्फिगर चालवून निम्मे काम कंपाइल केले होते आणि मग पर्याय देऊन पुन्हा कॉन्फिगर चालवले होते, पण मध्ये ‘मेक क्लीन’ (आधी बांधलेले पुसून टाकणे) केले नव्हते. जुन्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले तुकडे) तशाच राहिल्या, नव्या वेगळ्या पद्धतीने बांधल्या गेल्या, आणि जोडणीच्या वेळी ‘एक्झिक्युटर ग्लोबल्स’चा संदर्भ सापडत नाही अशा ओळींचा पाऊस पडला. थ्रेड-सेफ बांधणीत त्या नावाचा साधा ग्लोबल चल (सगळ्या प्रोग्रॅमला दिसणारी, नाव दिलेली मेमरीतली जागा) नसतोच, तो प्रत्येक थ्रेडसाठी वेगळा ठेवला जातो. म्हणून जुन्या फाइली ज्याला शोधत होत्या तो जागेवर नव्हता. अशा वेळी लायब्ररी कमी आहे असे वाटून माणूस पॅकेजेस बसवत सुटतो. मीही बसवत सुटले होते.

काट्यासाठी सी भाषेत लिहिलेले छोटे एक्स्टेन्शन हा शेवटचा अडसर होता. ते जुन्या सेंटओएसवर बिनतक्रार बांधले गेले होते आणि इथे लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्रॅम) म्हणू लागला की एकाच चलाच्या अनेक व्याख्या आहेत. लिहिणाऱ्याने हेडर फाइलमध्ये ‘एक्स्टर्न’ न लिहिता चल घोषित केले होते आणि ती हेडर दोन सी फाइलींत घेतली होती. जीसीसी १० पूर्वी असे चल गुपचूप एकत्र केले जात. २०२० मध्ये आलेल्या त्या आवृत्तीपासून ही सवलत मूळ वागणुकीतून काढली गेली. ‘एफ-कॉमन’ हा पर्याय दिला की जुनी सवलत परत मिळते आणि काम दोन मिनिटांत होते. त्यांनी ते केले नाही. हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ घातले, व्याख्या एका फाइलीत ठेवली, आणि बदललेल्या ओळी पॅच म्हणून वेगळ्या दिल्या. सोबतच्या चाचणी प्रोग्रॅमची मेकफाइल मेलमधून चिकटवलेली असल्यामुळे तिच्यातील टॅबच्या जागी स्पेस आल्या होत्या आणि ‘सेपरेटर नाही’ म्हणून मेक रुसले होते. १९७६ साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक लिहिले, तेव्हापासूनचा हा टॅबचा नियम अजून माणसांना रडवतो आहे.

पॅरलल एक्स्टेन्शनचे काम त्या मानाने सरळ होते. त्याच्या नव्या आवृत्तीला पीएचपी ८ लागते, म्हणून १.१ मालिकेतील जुनी आवृत्ती घ्यावी लागली, आणि एक्स्टेन्शन बांधायची तयारी करणारे ‘पीएचपीआइझ’ चालवायला ऑटोकॉन्फ नावाचे साधन हवे असते ते आधी बसवावे लागले.

मी तिथे बसलेली असताना शेजारच्या टेबलावर दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचे काम चालले होते. कुठल्याशा कारणाने त्याला एनजिनएक्स या वेब सर्व्हरची जुनी आवृत्तीच हवी होती आणि ती नव्या कंपाइलरवर बांधताना दोन एरर येत होत्या. पहिली ‘मर्मरहॅश’च्या फाइलीत: स्विचमधील एका केसमधून दुसऱ्या केसमध्ये प्रवाह घसरतो, अशी सूचना. ही मुळात एरर नव्हेच, जीसीसी ७ पासून दिला जाणारा इशारा आहे. एनजिनएक्सची बांधणी प्रत्येक इशाऱ्याला एरर मानते म्हणून काम थांबते. दुसरी ‘एनजीएक्स-युजर’च्या फाइलीत: पासवर्ड झाकणाऱ्या ‘क्रिप्ट’च्या रचनेत ‘करंट सॉल्ट’ नावाचा घटकच नाही. मुलगा दोन्हींवर एकच औषध लावायला निघाला होता, इशाऱ्यांना एरर मानणारा पर्याय मेकफाइलमधून काढून टाकण्याचे. काकांनी त्याला थांबवून विचारले, “अरे, पहिली गेली तर दुसरी जाईल का?” ती जाणार नव्हती, कारण दुसऱ्या ठिकाणी खरोखरच घटक नव्हता. जीलिबसी या लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीच्या एका जुन्या दोषावर तोड म्हणून ती ओळ एनजिनएक्समध्ये घातलेली होती आणि नव्या यंत्रणांत क्रिप्ट जीलिबसीऐवजी लिबएक्सक्रिप्ट या वेगळ्या लायब्ररीतून येते आणि तिच्यात तो घटक नाही, म्हणून ती ओळ काढणे योग्यच. पण ते कारण समजून काढायचे. हे सगळे चालले असताना माझे काम पडून राहिले याची तेव्हा चिडचिड झाली, ती बाजूला ठेवली तर ही अर्ध्या तासाची शिकवणी फुकट मिळाली असे म्हणता येईल.

आता उणिवांकडे वळते, कारण त्या आहेत आणि किरकोळ नाहीत. चार दिवसांत देतो म्हणाले आणि नववा दिवस उजाडला. त्यातले दोन दिवस पीएचपीच्या स्वतःच्या चाचण्या चालवण्यात आणि नापास झालेल्यांची यादी तपासण्यात गेले, ते समजू शकते. बाकीच्या दिवसांचा हिशेब कोणी दिला नाही. दुपारी दोन ते चार फोन लागत नाही. दिंडोरी रोडने पंचवटी ओलांडून अशोक स्तंभावरून यायचे, पुढे गाडी लावायला जागा शोधत दोन फेऱ्या मारायच्या, आणि वर गेल्यावर “काका जेवायला गेलेत” हे ऐकायचे, असे माझ्या बाबतीत दोनदा घडले.

सगळ्यात मोठी चूक मात्र तांत्रिक होती. बांधणी त्यांनी त्यांच्या खोलीतील यंत्रावर केली. सर्व्हरवर कंपाइलर ठेवू नये आणि एक जीबी मेमरीत हे काम करू नये, हा त्यांचा आग्रह रास्तच आहे. फाइलइन्फोपाशी आमचा कंपाइलर मेमरी संपल्याने कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) मारला होता, हे त्यांनी कर्नलच्या लॉगमध्ये मला दाखवले होते. पण त्यांच्या यंत्रावर कंपाइल करताना ‘मार्च नेटिव्ह’ हा पर्याय राहून गेला. या पर्यायाने कंपाइलर ज्या प्रोसेसरवर चालतो त्याच्या खास सूचना वापरतो. त्यांचा प्रोसेसर नवा आणि आमच्या सर्व्हरचा त्या मानाने जुना, त्यामुळे आमच्याकडे पीएचपी सुरू होताक्षणी ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून कोसळले. फाटकावर नाही, टेबलावर नाही, थेट कंटेनरमध्ये. मी रात्री आठ वाजता फोन केला तेव्हा मुलीने दोन मिनिटांत कारण ओळखले. काकांनी सबब सांगितली नाही, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नवी बांधणी पाठवली आणि जादा पैसे घेतले नाहीत. तरीही ज्या दुकानात हाच धंदा चालतो तिथे दुसऱ्या यंत्रासाठी बांधताना हा पर्याय तपासला जाऊ नये, हे मला खटकले.

कामाचे एकूण ११,००० रुपये झाले. मी चौकशी केली तेव्हा पुण्याच्या एका सल्लागाराने केवळ बोलण्याचे याच्या निम्मे सांगितले होते, म्हणून मला हा दर महाग वाटत नाही. या पैशांत बांधलेले पीएचपी मिळाले, ते पुन्हा तसेच बांधता येईल अशी स्क्रिप्ट मिळाली, पॅचच्या फाइली मिळाल्या, आणि अकरा पानांची टिपणवही मिळाली. त्या वहीत प्रत्येक एररची पहिली ओळ, तिचे कारण, केलेला उपाय आणि न केलेला सोपा उपाय असे सगळे लिहिलेले आहे. ही वही मला बायनरीपेक्षा मोलाची वाटते. दोन पाने हाताने लिहिलेली आहेत आणि अक्षर काकांचे असल्यामुळे ती वाचायला मुलीची मदत घ्यावी लागली, ही तक्रारही नोंदवून ठेवते.

आणखी एक कागद त्यांनी माझ्याकडून सही करून घेतला. पीएचपी ७.४ चा आधार २८ नोव्हेंबर २०२२ रोजी संपला आहे, ओपनएसएसएल १.१.१ चा ११ सप्टेंबर २०२३ रोजी. या दोन्हींमध्ये पुढे सापडणाऱ्या सुरक्षादोषांवर नवी दुरुस्ती मोफत मिळणार नाही, म्हणून हा सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवू नये, पॅकहाऊसच्या आतल्या जाळ्यातच ठेवावा, असे त्यात लिहिले आहे. आमच्या व्यवस्थापकांना तो कागद जबाबदारी झटकण्याचा प्रकार वाटला. मला तो प्रामाणिक वाटला आणि सर्व्हर मी त्यात लिहिल्याप्रमाणे आतच ठेवला आहे. अपाचे हा वेब सर्व्हरही सोर्समधून बांधून द्या असे मी म्हटले होते, त्याला त्यांनी नकार दिला: उबुंटूचे पॅकेज पुरेसे आहे, त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप मिळतात, आणि सोर्समधून बांधलेली प्रत्येक गोष्ट पुढे आपल्यालाच सांभाळावी लागते. त्यामुळे सोर्समधून बांधलेले असे आमच्याकडे पीएचपी, त्याची ओपनएसएसएल आणि दोन एक्स्टेन्शन एवढेच आहे.

हंगाम सुरू झाल्यापासून तिन्ही काटे व्यवस्थित चालू आहेत आणि खाते क्रमांक उलगडत आहेत. ज्यांचे काम तयार पॅकेजवर भागते त्यांनी या दोन खोल्यांचा जिना चढू नये. काका स्वतःच परत पाठवतील. ज्यांच्याकडे कोणी तरी सोडून गेलेले जुने सॉफ्टवेअर आहे आणि ते नव्या सर्व्हरवर बांधले जात नाही, त्यांनी अवश्य जावे, पण सांगितलेल्या मुदतीच्या दुप्पट दिवस हाताशी ठेवावेत आणि आपल्या सर्व्हरचा प्रोसेसर कोणता ते पहिल्याच दिवशी लिहून द्यावे. जाताना पडद्याचा फोटो नेऊ नये. संपूर्ण कॉन्फिग डॉट लॉग, मेकचे पहिल्या ओळीपासूनचे आउटपुट आणि कॉन्फिगरला दिलेले पर्याय पेन ड्राइव्हवर न्यावेत. माझा पहिला फेरा फोटो नेल्यामुळेच वाया गेला. पक्के बिल हवे असेल तर पैसे देण्यापूर्वी मागून घ्यावे. माझे बिल यायला तीन आठवडे आणि चार फोन लागले.